मेजरांचा चौरंग

मेजरांनी मला नोकरी दिली ती मला घाबरून.

डिप्लोमा झाल्यावर मी मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत ड्रॉइंगचं काम शोधत फिरत होते. कुणीतरी सांगितलं, शेवटच्या गल्लीत एक म्हातारा आहे, माणूस तऱ्हेवाईक आहे, पण त्याला कॉम्प्युटरवर नकाशे काढणारं कुणीतरी पाहिजे. गेले तर शटर अर्धं खाली. वाकून आत शिरले. समोर काटक बांध्याचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. टेबलावर मिलिटरीच्या काळपट ब्लँकेटखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. त्यांनी नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. ब्लँकेट ओढून बाजूला केलं आणि म्हणाले, "बघ."

मी बघितलं. मोरीत बसून आंघोळ करायचा चौरंग होता, पण तसा मी कधी पाहिला नव्हता. पळसाच्या पानासारखी पसरट, मधे जरा खोलगट बैठक, आणि मागून निघून दोन्ही बाजूंनी पुढं आलेले हात, एकाच पाइपातून वाकवलेले, वासराच्या कोवळ्या शिंगांसारखे. मी नीट बघते न बघते तोच ब्लँकेट परत वर आलं. त्यांनी कागद-पेन्सिल पुढं सरकवली. "काढ."

मी काढलं. चित्रकलेत माझा हात पहिल्यापासून बरा. त्यांनी कागद उचलला, उजेडात धरला आणि खुर्चीत बसले. कपाळावर घाम आला होता.

"सगळंच काढलंस की."

"काही चुकलं का?"

"न्हाई. तीच तर पंचाईत हाय." ते उठले आणि त्यांनी शटर पार खालपर्यंत ओढलं. अनोळखी शेड, आत मी आणि हा माणूस. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. तेव्हा त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. घाईघाईनं शटर पुन्हा वर करत ते म्हणाले, "भिऊ नगंस पोरी. उद्यापासनं कामाला ये. तुला आता भाईर मोकळं सोडून चालायचं न्हाई."

हे वाक्य ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी गेले, याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्या भागात सैन्यातून परत आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात. यांचा हुद्दा हवालदाराचा. गाव रहिमतपूरजवळ, थोडी बागाईत जमीन, ऊस. नोकरी सगळी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये, गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. लोकांना वाटायचं, मोठा धाडसी माणूस. ते स्वतः मात्र सांगायचे, "मी इंजनं उघडली. बंदूक साफ कराय हातात दिली तरी हात कापायचं माझं." हे ते लाजून सांगत नसत. भीती ही त्यांना एखाद्या हत्यारासारखी वाटायची, जवळ बाळगायची, धार लावून ठेवायची.

शेडमध्ये रोजचं काम साधं होतं. दवाखान्यांच्या खाटा, सलाइनचे स्टँड, असली पाइपची कामं. मिरजेत दवाखाने उदंड, त्यामुळं काम कधी कमी पडलं नाही. चौरंग हे त्यात नव्हतं. चौरंग हे मेजरांचं गुपित होतं. त्याची बैठक एकीकडं ओतून घ्यायची, पाइप दुसरीकडं वाकवून आणायचे, रंग तिसरीकडं द्यायचा, म्हणजे कुणालाच अख्खी वस्तू दिसायची नाही. जुळणी ते स्वतः, शटर पाडून करत. बिघडलेला तुकडा भंगारात जात नसे. करवतीनं त्याचे बारीक बारीक काप करत, आणि तेही एका भंगारवाल्याला न देता दोघांना वाटून.

दारात एक पत्र्याचा डबा होता. आत येणाऱ्याचा मोबाइल आधी त्या डब्यात. माझ्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं, आणि पेनड्राइव्ह घालायच्या खाचा त्यांनी लांबी भरून बुजवून टाकल्या होत्या. विजेचं मीटर वाचणारा आत येऊ नये म्हणून मीटर स्वखर्चानं बाहेरच्या भिंतीवर काढून घेतलं होतं. रहिमतपूरहून मिरजेला ते रेल्वेनं येत-जात. कधी चौरंगाचे भाग घरी न्यायचे असले तर ज्वारीच्या पोत्यात घालून नेत. एकदा समोरच्या माणसानं त्या पोत्यावर पाय ठेवले. "म्हटलं, ठेवा ठेवा, खुशाल ठेवा," ते मला आनंदानं सांगत होते, "ज्याच्यावर पाय ठेवतो ते काय माणूस बघत न्हाई."

"डोळ्यानं चोरलेल्याचा पंचनामा होत न्हाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते एका जुन्या जखमेतून आलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदा भाकरीचा डबा केला होता. बसका, गोल, झाकणाला भाकरीसारखाच फुगवटा. सांगलीच्या एका शेती प्रदर्शनात तो हौसेनं मांडला. पुढच्या वर्षी बाजारात जिथं तिथं तसले डबे. मेजर एका दुकानात भांडायला गेले, तर दुकानदारानं त्यांच्या हातातला त्यांचाच डबा निरखून विचारलं, "छान आहे. तुम्ही माल कुठनं उचलता?"

तेव्हा कुणा वकिलानं त्यांना सांगितलं होतं की वस्तूच्या रूपाचीही सरकारदरबारी नोंदणी होते, पहिली दहा वर्षं, पुढं वाढवून पंधरा. पण नोंदणीचा अर्ज करण्याआधी वस्तू चारचौघांना दाखवली की ती नवी राहत नाही, आणि नवी नसली की नोंदणी नाही. यातलं मेजरांच्या मनात एवढंच रुतून बसलं: दाखवलं की गेलं.

"मग चौरंगाचा अर्ज आधी देऊन टाकू या," मी कितीदा म्हटलं असेल. "अर्ज दिला त्या तारखेपासून हक्क आपला. मग जगानं बघितलं तरी काही होत नाही."

"अर्जात काय द्यायचं?"

"फोटो. सगळ्या बाजूंचे."

"आणि ती कोण बघणार?"

"तिथले अधिकारी."

"म्हंजे माणूसच न्हवं?" ते माझ्याकडं कीव केल्यासारखे बघत. "आणि नोंदणी झाली की छापून बी काढत्यात म्हणं. सगळ्या देशानं बघावं म्हणून. चोराला आपणच घराचा नकाशा द्यायचा?"

त्यामुळं चौरंग अर्जाविना, ग्राहकाविना, ब्लँकेटखाली पडून होता. तो वापरणारं माणूस जगात एकच, काकू. मेजरांची बायको.

काकू मोरीत घसरून पडल्या होत्या, तिथून हे सगळं सुरू झालं. हाड मोडलं नाही, पण मोरीची धास्ती बसली. आंघोळ म्हटलं की त्यांना कापरं भरायचं. डॉक्टरांनी दवाखान्यात असते तसली खुर्ची आणायला सांगितली. ती घरात आली तेव्हा काकू रडल्या. "माझी मरायची तयारी चाललीय व्हय?" म्हणाल्या आणि तिच्यावर बसल्या नाहीत. मग मेजरांनी, दवाखान्याची आठवण येणार नाही असं काहीतरी करायला घेतलं. दिसायला घरातलं, सणासुदीला पाहुणा बसवावा असं. काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "त्याच्यावर बसलं की मी आजारी हाय असं वाटत न्हाई बघ." त्या चौरंगाचं सगळं मोल त्याच्या दिसण्यात होतं. आणि मेजर नेमकं तेच कुणाला दिसू देत नव्हते.

एके दिवशी संध्याकाळी मी मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यानं बसला चालले होते. तिथं कुबड्या, वॉकर, पट्टे विकणारी दुकानं आहेत. एका दुकानाच्या काचेत, दिव्याखाली, तो होता. पळसाचं पान, वासराची शिंगं. रंग पांढरा, बाकी सगळं तेच.

मी तिथंच थांबले. पहिला विचार चौरंगाचा आला नाही. पहिला विचार हा आला, की ही अख्खी वस्तू जिच्या डोक्यात आहे अशी बाहेरची व्यक्ती एकच आहे, आणि ती मी.

रात्रभर आईला काही सांगितलं नाही. सकाळी शेडमध्ये जाऊन मेजरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, हे जास्त भयंकर होतं. खूप हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही, मेजर."

"बरं."

त्यांनी खुर्ची उचलून माझ्या टेबलासमोर ठेवली आणि दिवसभर तिथं बसून राहिले. मी माउस हलवला की त्यांचे डोळे हलायचे. मी पाणी प्यायला उठले की तेही उठायचे. कामगारांनी माझ्याशी बोलणं टाकलं. कुणी रागावलं नव्हतं, फक्त जो तो भ्याला होता, पुढची पाळी आपली म्हणून. घरी जाताना त्यांनी माझी पिशवी मागितली. मी दिली. डबा, रुमाल, छत्री बघून त्यांनी ती परत केली, माझ्या नजरेला नजर न देता. माझी झडती घेतानाही घाबरत होते ते. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट आपण खरंच कुठं बोललो तर नाही ना, म्हणून मी स्वतःचीच उलटतपासणी घेऊ लागले. मैत्रिणीजवळ? बसमध्ये? चार दिवसांत अन्न गोड लागेना. आई म्हणाली, "सोड ती नोकरी." मी जायचं बंद केलं.

मधल्या काळात मेजर त्या दुकानात गेले होते. पोत्यातून आपला चौरंग नेऊन काचेतल्या चौरंगाशेजारी ठेवला, आणि भर दुकानात ओरडले की हा माझा आहे. दुकानदारानं शांतपणे मेजरांचं नाव-गाव लिहून घेतलं आणि दोन्हींचा फोटो काढून माल पुरवणाऱ्या कंपनीला पाठवला. मेजरांच्या चौरंगाचा तो पहिला फोटो.

काही आठवड्यांनी दुपारी आमच्या सांगलीच्या घराची कडी वाजली. दारात मेजर, त्यांच्या मागं काठी टेकत काकू. मेजरांच्या हातात जाड पाकीट होतं. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"विंग्रजीत हाय," ते म्हणाले. "पोस्टमनला इचारलं, तो म्हणला वकिलाची नोटीस. तू वाच."

मी वाचली. परगावच्या त्या कंपनीनं चौरंगाच्या रूपाची नोंदणी स्वतःच्या नावानं केली होती. रीतसर, क्रमांकासकट. आता ती कंपनी मेजरांना सांगत होती की तुम्ही आमच्या नोंदवलेल्या डिझाइनची नक्कल करता. बनवणं थांबवा, असलेला माल नष्ट करा, लेखी माफी मागा, नाहीतर कोर्टात खेचू.

मी मराठीत सांगितलं. मेजरांनी दाराची चौकट धरली.

"म्हंजे," ते म्हणाले, "माझंच मी चोरलंय म्हणत्यात?"

काकूंनी त्यांना हाताला धरून आत आणून बसवलं. त्यांनी पाणी घेतलं नाही. "पोलीस येत्यात का गं यात?" त्यांनी मला विचारलं. "गावात येत्यात का? जीप घिऊन?" सबंध गाव ज्याला मेजर म्हणतं तो माणूस लहान मुलासारखा बसला होता. पोलिसांचा यात संबंध नसतो, हे कोर्टाचं काम आहे, असं मी सांगत राहिले, पण ते ऐकत नव्हते. रस्त्यावर मोटारसायकल थांबली तरी दचकत होते. माझ्यावर घेतलेल्या संशयाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पण नोटीस आल्यावर ज्या दारात आले ते माझं होतं. मीही तेवढ्यावर भागवून घेतलं.

सांगलीत एका वकीलबाईंचं नाव मला ठाऊक होतं. आम्ही तिघं त्यांच्याकडं गेलो. बाई कमी बोलणाऱ्या, पण समजेल असं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हा कायदा तुमच्या वस्तूनं काम काय होतं ते बघत नाही. ती डोळ्याला कशी दिसते तेवढंच बघतो. कंपनीनं अर्ज केला त्या तारखेच्या आधी ही वस्तू लोकांत उघड झाली होती असं आपण दाखवलं, तर त्यांची नोंदणी रद्द होऊ शकते. मला एकच सांगा, मेजर. त्याच्या आधी तुमचा चौरंग कुणी कुणी बघितलाय?"

मेजर ताठ झाले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान दिसला. "कुणीबी न्हाई! चिटपाखराला दिसू दिला न्हाई मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग अवघड आहे," त्या म्हणाल्या.

मेजरांना कळायला वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मोबाइलचा डबा, ब्लँकेट, करवत, ज्वारीचं पोतं, सगळ्यानं मिळून त्यांनी एकच गोष्ट सिद्ध करून ठेवली होती, की हा चौरंग कधी नव्हताच.

"बघितलाय," काकू म्हणाल्या.

आम्ही तिघांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पदर घट्ट आवळून धरला होता आणि नजर जमिनीवर होती.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा, मिरजेला. ही यायच्या आधीची गोष्ट." ही म्हणजे मी. "ह्यांनी चौरंग आणून दिला हुता आंघोळीला, चादरीत गुंडाळून. म्हणलं हुतं कुणाला दावू नगंस. मी खाटंखाली ठिवायची. पर शेजारच्या खाटंवर एक बाई हुत्या कडेगावच्या. त्यास्नी बी मोरीची लय भीती. रडायच्या आंघोळीला. मग मी दिला त्यास्नी." त्या थांबल्या. "मग त्यांच्या पल्याडच्या बाईला. समदा वार्ड त्याच्यावर आंघोळ करून गेला."

मेजरांनी मान वर केली.

"आणि आवं..." काकूंचा आवाज पार बसला. "त्या कडेगावच्या बाईचा ल्योक वेल्डिंगचं काम करतो. त्यो म्हणला, आईला असाच करून देतो. मीच मापं दिली त्याला. वितीनं मोजून. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई. इतकी वर्सं भीत भीत हाय मी. कवा कळंल, कवा कळंल म्हणून."

मी मेजरांकडं बघायला धजत नव्हते. शेडमध्ये एका तुकड्यासाठी कामगारांच्या अंगावर धावून जाणारा माणूस मला माहीत होता. मेजर काकूंकडं पुरते वळले. मग म्हणाले, "मला भीत हुतीस?"

काकूंनी मान हलवली.

"मला?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आपल्याला जगाची भीती वाटते एवढंच त्यांना ठाऊक होतं. आपलीही कुणाला वाटत असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

कडेगावला मी त्यांच्याबरोबर गेले. वकीलबाईंनी बजावलं होतं, भांडायचं नाही, साक्ष हवी आहे. बसमध्ये ते खिडकीबाहेर ऊस बघत होते आणि गुडघ्यावर मूठ आपटत होते. बाजाराच्या रस्त्याला ते वेल्डिंगचं दुकान सापडलं आणि आम्ही दोघंही जागच्या जागी उभे राहिलो.

दुकानापुढं, भर उन्हात, रस्त्यावर, चौरंगांची रांग मांडली होती. निळे, गुलाबी, पोपटी. कसल्याही आडपडद्याशिवाय. माणसं येता-जाता त्यांना पाय लावत होती, एकावर कुत्रं झोपलं होतं. बैठक पत्र्याची, हातांचं वळण ओबडधोबड, पण पळसाचं पान ओळखू येत होतं. मेजरांचा श्वास मला ऐकू येत होता. मी त्यांच्या बाहीला धरलं.

दुकानातून चाळिशीचा माणूस चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आला. "काय पायजे?"

मेजर चौरंगांकडंच बघत होते. मीच सांगितलं, की ज्या बाईंच्या चौरंगावरून हे केले, त्यांचे हे यजमान.

तो माणूस पांढराफटक पडला. एक पाऊल मागं सरकला. हातातलं वेल्डिंगचं हँडल त्यानं खाली टाकलं. "मेजर, आईशप्पथ, मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. "वैनींनी सोताहून मापं दिली. मी आईसाठी केला हुता. मग शेजारणीनं मागितला, मग हिनं, मग तिनं. बाजारात बी बसतो आता. केस करू नका. ल्हान लेकरं हायती."

दोघं एकमेकांसमोर उभे, दोघंही भ्यालेले. आयुष्यभर मेजर ज्या चोराची वाट बघत होते तो त्यांच्यापुढं हात जोडून उभा होता. आणि आता त्याच्याचकडं त्यांना काहीतरी मागायचं होतं.

"कवापासनं बनवतोस?" मेजरांनी विचारलं.

तो सांगायला कचरत होता. जितकं मागचं सांगेल तितका गुन्हा मोठा, असं त्याला वाटत होतं. आम्हाला तर जितकं मागचं तितकं हवं होतं. मी समजावून सांगितलं तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी आतून त्याची आई आली, चालत, काठीशिवाय. तिनं मेजरांना ओळखलं. दवाखान्यात चादरीचं बोचकं घेऊन येणारा माणूस तिच्या लक्षात होता. "आवं, तुमच्यामुळं मी आंघोळ केली," ती म्हणाली, आणि लेकाकडं वळून, "सांग की रं समदं. बाजारातली निम्मी लोकं सांगत्याल, तू एकटाच का भितोस?"

तारखा जुळल्या. कंपनीच्या अर्जाच्या खूप आधीपासून कडेगावच्या बाजारात चौरंग उघड्यावर विकले जात होते. कंपनीनं तो वॉर्डातून उचलला, की या बाजारातून, की आणखी कुठून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

निघताना मेजर एका गुलाबी चौरंगावर बसले आणि लगेच उठले. वाकून त्यांनी पायांकडं पाहिलं. पाय सरळ खाली गेलेले होते. त्यांच्या चौरंगाचे पाय जरा बाहेर फाकलेले असत. "हे असं का केलंस?" त्यांनी विचारलं.

"सरळ पाय कराय सोपं जातं, मेजर. दिसायला काय फरक पडत न्हाई."

मेजरांनी चौरंग एका बाजूनं दाबून बघितला, तो डुगडुगला. परतीच्या बसमध्ये त्यांची मूठ थांबली होती आणि ते एकटक समोर बघत होते.

नोंदणी रद्द करण्याचा अर्ज तयार झाला तेव्हा वकीलबाईंनी सही घेण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली. "आपण जिंकलो तर त्यांची नोंदणी जाईल. पण तुमचीही होणार नाही. ज्या कारणानं ती त्यांची राहत नाही, त्याच कारणानं तुमचीही राहत नाही. ज्याला बनवायचा त्यानं बनवावा असं होईल."

"माझाबी न्हाई?"

"नाही."

मेजर उठून खोलीबाहेर गेले. व्हरांड्यात बराच वेळ पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता हे जातील, माफीनामा लिहून देतील, पण हे करणार नाहीत. काकू काठी टेकत त्यांच्याजवळ गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मेजर परत आले आणि त्यांनी बाई दाखवतील तिथं तिथं सह्या केल्या. प्रत्येक सहीआधी ते पेन टेकवून क्षणभर थांबत होते, गरम तव्याला बोट लावायचं असल्यासारखे.

पुढं बरेच महिने गेले. मी पुन्हा शेडमध्ये कामाला जाऊ लागले होते. त्या दिवसांत टपालवाला दिसला की मेजर शेडच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहत. सुनावणी वकीलबाईंच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. कडेगावचा तो माणूस आणि त्याची आई शेजारी शेजारी, नवे कपडे घालून बसून होती, कुणी काही विचारलं नाही तरी. कंपनीची नोंदणी रद्द झाली. निकाल ऐकून काकू रडल्या. मेजर म्हणाले, "सुटलो," आणि लगेच, "पर आता कोणबी करणार."

तसंच झालं. मिरज, सांगली, सातारा, जिकडं तिकडं चौरंग दिसू लागले. मेजरांनीही करून विकले आणि ते बरे खपले. मला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या डोक्यातलं आता कुणाच्या बी उपयोगाचं न्हाई, जा बिनधास्त." हा त्यांचा विनोद होता. त्यांनी केलेला एवढा एकच विनोद मी ऐकला.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला म्हणून रहिमतपूरला गेले होते. बाजाराचा दिवस होता. भांड्यांच्या आणि प्लॅस्टिकच्या दुकानांच्या ओळीत मला मेजर दिसले. खूप थकलेले. फुटपाथवर चौरंग मांडून बसलेल्या एका विक्रेत्यापुढं ते एकेका चौरंगावर बसत होते, डावीकडं झुकत होते, उजवीकडं झुकत होते, उठत होते. एक चौरंग त्यांच्या वजनानं कलंडला. ते पडता पडता सावरले. मी धावले.

"आजोबा, घ्यायचा असला तर घ्या, न्हाईतर व्हा बाजूला," विक्रेता वैतागून म्हणत होता. "दर बाजाराला तुमचं हेच चाललंय. गिऱ्हाईक बिचकतंय माझं."

"ह्याचं पाय भाईर काढ," मेजर म्हणाले. "सरळ ठिवू नगंस. कोणतरी पडंल. वल्या फरशीवर म्हातारं माणूस पडलं की उठत न्हाई."

"तुमाला काय करायचंय? तुमचा हाय का ह्यो?"

आसपास चार माणसं जमली होती. विक्रेता तरणा, अंगानं दांडगा होता, आणि मला भीती वाटली की आता हा म्हाताऱ्याला ढकलणार. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी वळून पाहिलं, मला ओळखलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. एक आजी पिशवी सावरत, तोच कलंडलेला चौरंग उचलून किंमत विचारत होत्या.

"न्हाई," मेजर विक्रेत्याला म्हणाले. "माझा न्हाई. कुणाचाच न्हाई त्यो." आणि त्यांनी तो चौरंग आजींच्या हातातून काढून घेतला.